नवे स्की बूट घरात रुळवताना: म्युनिकच्या घरातल्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

बूट आणले. नंबर २४.५, फ्लेक्स (म्हणजे कडकपणा) ८५, लास्ट (म्हणजे चवड्याची रुंदी) १०० मिमी, चार बकलं आणि वर पॉवर स्ट्रॅप, म्हणजे रुंद पट्टा. रंग गडद हिरवा. तो मी निवडलेला नाही, माझ्या मापात तेवढाच शिल्लक होता.

भाड्याच्या बुटांना कंटाळले होते. भाड्याच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा चपलेचा नंबर विचारतो, मागून एक जोडी आणून ठेवतो आणि आपण "कुठे टोचत नाही ना" एवढंच बघतो. टोचत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा बूट मोठा आहे. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, पाऊल पुढेमागे सरकतं आणि दर वळणाला नडगी बुटाच्या जिभेवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, आपटते. संध्याकाळी नडगी ठणकायला लागली की माणूस म्हणतो बूट घट्ट होता, आणि पुढच्या वेळी आणखी मोठा मागतो.

यंदा फिटरकडे, म्हणजे बूट पायाला बसवून देणाऱ्याकडे, जाऊन नीट मापं घेतली. मुद्दाम दुपारनंतर, कारण दिवसभर चालून पाऊल थोडं फुगतं. उजवं २४३ मिमी, डावं २४६. बसून मोजलं तेव्हा दोन्ही चार-पाच मिलिमीटर कमी भरली होती. उभं राहिल्यावर वजनाने पायाची कमान खाली बसते आणि पाऊल लांबही होतं, रुंदही. माझी कमान जरा जास्तच बसते. चवडा १०१ मिमी, टाच मात्र बारीक. फिटर साठीच्या आसपासचा, हातात फूटपट्टी धरूनच बोलणारा. त्याने विचारलं, लहानपणी अनवाणी फिरायचात का? फिरायचो की. घरात, अंगणात, शाळेच्या मैदानावर, आणि बाहेर पडलं तर अंगठ्याची चप्पल. असे वाढलेले पाय पुढून पसरतात, बोटं मोकळी राहतात. इथले बूट ज्या साच्यावर बनतात, तो साचा बंद बुटात वाढलेल्या पायाचा.

स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, बाकी काही गूढ नाही. २४ आणि २४.५ यांचं बाहेरचं प्लॅस्टिक, म्हणजे शेल, एकच असतं. अर्ध्या नंबराचा फरक काढला जातो तो लायनरमध्ये, म्हणजे आतल्या मऊ बुटात, किंवा इनसोलमध्ये, म्हणजे तळव्याखालच्या गादीत. लास्टचा आकडा चवड्याच्या रुंदीचा असतो, पण तो २६.५ या नंबराच्या बुटाला धरून दिलेला असतो. त्यामुळे माझ्या २४.५ मध्ये छापील १०० मिमी प्रत्यक्षात त्याहून कमी भरते. फ्लेक्सचा आकडा बूट पुढे वाकायला किती कडक ते सांगतो. त्याला सर्व कंपन्यांचं एक समान माप नाही. एकीचा ८५ दुसरीच्या ९५ इतका कडक लागू शकतो.

दोन जोड्यांमध्ये निवड होती. एक १०३ लास्टचा: पाय घातल्याबरोबर सुख, बोटं नाचवायला जागा. पण गुडघे पुढे वाकवले की टाच उचलली जात होती. दुसरा १०० चा: टाच पकडून धरलेली, डाव्या करंगळीच्या मुळाशी मात्र हाडावर सरळ दाब. फिटरने दोन्हींचे लायनर बाहेर काढले आणि नुसत्या शेलमध्ये पाय घालायला सांगितला. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. एक ते दीड सेंटिमीटर बरोबर, दोनच्या वर गेलं तर बूट मोठा. दोन्हींत लांबी ठीक भरली. मी १०० चा घेतला. करंगळीपाशी प्लॅस्टिक बाहेर ढकलून जागा करता येते. टाचेची ढिली खोबण आवळता येत नाही, नुसत्या गाद्या चिकटवत बसावं लागतं.

बायकांच्या मॉडेलचा कफ, म्हणजे पोटरीभोवतीचा वरचा भाग, थोडा आखूड असतो, कारण पोटरीचा फुगवटा खाली येतो. माझ्या बाबतीत हे अगदी खरं आहे. नवऱ्याच्या जुन्या बुटात माझं वरचं बकल कधीच लागलं नव्हतं.

करंगळीची जागा आजच करून देऊ का, असं विचारल्यावर फिटर नको म्हणाला. आधी घरी घाला, लायनर किती बसतो बघा, मग जिथे दुखायचं थांबत नाही तेवढीच जागा करू. घराबाहेर मात्र पाऊल टाकायचं नाही. तळ स्वच्छ असेल तरच बूट बदलून मिळेल.

रविवार, १० नोव्हेंबर

रविवार म्हणजे इथे शांततेचा वार. ड्रिल चालवायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, आणि रोज रात्री १० नंतर तर काहीच नाही. घरात लाकडी फरशी, खालच्या मजल्यावर एकट्या आजी. म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सतरंजी, तिच्यावर योगाची मॅट, आणि माझा वावर तेवढ्यापुरता.

बूट चढवणं ही आधी शिकायची गोष्ट. सगळी बकलं सोडायची, शेलचे दोन्ही काठ हातांनी फाकवायचे, जीभ वर ओढून बाजूला धरायची आणि पाय सरळ खाली. मग टाच जमिनीवर हलकेच आपटायची म्हणजे ती मागच्या खोबणीत जाते. त्यानंतर गुडघा पुढे दाबून घोट्याच्या लगेच वरचं बकल आधी लावायचं, कारण टाच तेच मागे धरून ठेवतं. मग पावलावरचं, मग सर्वांत वरचं. बोटांवरचं शेवटी आणि नावापुरतं. त्याचं काम पाणी आणि बर्फ आत येऊ न देण्याचं. लोक नेमकं तेच सगळ्यात जोरात आवळतात आणि मग बोटं गार पडली म्हणतात.

सरळ उभी राहिले तर अंगठे पुढे टेकतात. नवरा लगेच म्हणाला, "लहान झाला ना?" गुडघे वाकवून नडगी जिभेवर टेकवली की अंगठे सुटतात. स्की बूट पुढे झुकलेल्या माणसासाठी बनलेला असतो. दुकानात खांबासारखं उभं राहून तो कसा होतो ते कळणारच नाही.

वीस मिनिटं घातले. सगळी बकलं पहिल्याच खाचेत.

काढल्यावर मोज्याची वीण दोन्ही पायांवर उमटलेली. डाव्या करंगळीच्या मुळाशी लाल चट्टा. उजव्या आतल्या घोट्यावर फिकट लाल. पंधरा-वीस मिनिटांत घोट्याचा गेला, करंगळीचा रात्री झोपेपर्यंत होता. फिटरने हेच बघायला सांगितलं होतं: पटकन जाणारी लाली लायनरवर सोडायची, तासाभराने दिसणारी वहीत लिहायची.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

लॅपटॉपसमोर बसून घातले तर काहीच होत नाही. बसलेला पाय हलका असतो, कमान उचललेली असते, लायनरवर भार येत नाही. लायनरच्या फोमला आकार द्यायचा तर वजन हवं, अंगाची ऊब हवी आणि हालचाल हवी.

उभ्याने करायचं घरातलं काम कोणतं, तर पोळ्या. ओट्यासमोर बूट घालून उभी राहिले आणि कणीक लाटली. लाटणं पुढे जाताना गुडघे आपोआप वाकतात, नडगी जिभेवर येते, मागे येताना टाच खाली बसते. अर्धा तास कधी गेला कळलं नाही. लेकीने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

मोज्यांबद्दल: एकच जोड, पातळ, मेरिनो लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन जोड घालायची आपल्याकडच्या माणसांची खोड असते. दोन मोजे एकमेकांवर घासतात, घडी पडते, फोड येतो, आणि जागा भरल्यामुळे रक्त कमी पोचून पाय उलट जास्तच गार पडतात. सुती मोजा घामाने ओला राहतो, तोही नको. आतल्या थर्मल पँटची कड बुटात जाता कामा नये. तिची एक शिवण नडगीवर दिवसभर दाबली गेली की संध्याकाळी वळ उठलेला असतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

फोटो बघून आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल.

"अगं, बूट चावतोय तर रात्री एरंडेल लावून ठेव की. तुझ्या बाबांची कोल्हापुरी मी अशीच मऊ करायचे."

"आई, प्लॅस्टिक आहे ते."

"पायात घालायला प्लॅस्टिक? किती युरो दिलेस?"

आकडा सांगितला नाही.

एके काळी आईचा सल्ला स्कीच्या बुटालाही लागू पडला असता. १९६० च्या दशकापर्यंत हे बूट चामड्याचेच होते, नाडीचे. स्वित्झर्लंडच्या हान्स मार्टिनने केलेलं बकल १९५५ मध्ये हेन्के कंपनीच्या बुटांवर आलं आणि गारठलेल्या बोटांनी नाड्या आवळण्यातून लोक सुटले. पण चामडं कोल्हापुरीसारखंच: ओलं झालं, वापरात आलं की पायाच्या आकाराचं होतं आणि होतच राहतं. हंगामाच्या शेवटी बूट छान मऊ झालेला असायचा आणि तोपर्यंत स्की वळवण्यापुरता ताठपणाही त्यात उरलेला नसायचा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डुब्यूकमध्ये बॉब लँगने प्लॅस्टिकचा बूट केला तो याच दुखण्यावर. तो शर्यतींत चालला आणि चामडं गेलं. इटलीत त्रेव्हिजोजवळच्या मोंतेबेल्लूना या गावात चामड्याचे डोंगरी बूट शिवणारे पिढीजात कारागीर होते. त्या भागाने प्लॅस्टिक उचललं आणि आजही जगातले कितीतरी स्की बूट तिथल्याच कंपन्यांचे असतात.

तेव्हा रुळणं हा प्रकार आता फक्त आतल्या लायनरपुरता राहिला. शेल पॉलियुरेथेनचं, ते पायाच्या उबेने आणि वजनाने सैल होणार नाही, मग मी रोज शंभर पोळ्या लाटल्या तरी. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं फिटरकडे न्यायचं हे ठरवणं सोपं जातं. सगळीकडून सारखी दाबल्याची भावना म्हणजे लायनर, ती जाईल. बोट ठेवून दाखवता येईल अशा एका ठिकाणी कळ, आणि तीही हाडावर, म्हणजे शेल. ती नुसत्या घालण्याने जाणार नाही. "थोडे दिवस घाल, सैल होतील" हा सल्ला देणारे भेटतील, ते अर्धंच सांगतात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पाऊण तास. घोट्यावरचं बकल एक खाच पुढे गेलं, म्हणजे लायनर बसायला लागला आहे.

पण आज नवीनच: वीस मिनिटांनी उजव्या पायाची बोटं बधिर, मग मुंग्या. कुठेही दुखत नाही, नुसतं लाकूड झालेलं. पावलाच्या वरच्या बाजूला रक्तवाहिनी आणि नस हाडांना लागूनच जातात, मध्ये मांसाची गादी जवळजवळ नसते. तिथे दाब आला की बोटांपर्यंत परिणाम जातो, आणि बोटांशी बूट कितीही मोकळा असला तरी उपयोग होत नाही. पावलावरचं बकल दोन खाचा मागे घेतलं, तरी फरक नाही. बूट काढून बघितला तर जीभ बाहेरच्या बाजूला सरकली होती आणि तिची कड बरोबर पावलाच्या उंचवट्यावर आली होती. मध्यभागी बसवून परत घातला, मुंग्या बंद.

आता घालताना जीभ ओढली की ती शेलच्या मधोमध आहे का हे बोटाने चाचपून मगच बकल.

दारावर खालच्या आजी. कुरकुर करायला आल्या असतील म्हणून मी आधीच माफी मागायच्या तयारीत. त्यांना आवाज ऐकू आलाच नव्हता, पार्सल द्यायला आल्या होत्या. बूट बघून आत येऊन बसल्या आणि लेंग्रीसच्या ब्राउनेक डोंगरावर चामड्याच्या बुटात स्कीइंग शिकल्याचं सांगत राहिल्या. वडील आदल्या रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे. तेवढा वेळ मी बूट घालूनच होते, त्यामुळे आजचा वेळ पाऊण तासाच्या बराच पुढे गेला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

डावी करंगळी आहे तिथेच. नेमकी जागा पकडण्यासाठी फिटर लोक मार्कर किंवा लिपस्टिक वापरतात. मी देवघरातलं कुंकू घेतलं, दोन थेंब पाण्यात कालवलं. पातळ मोजा घालून, त्यावरून हाड चाचपलं आणि बरोबर उंचवट्यावर कुंकवाचा ठिपका लावला. मग पाय नुसत्या लायनरमध्ये घालून उभी राहिले. आतलं अस्तर करड्या रंगाचं आहे, ठिपका स्वच्छ उमटला. लायनर शेलमध्ये परत घातला आणि बाहेरच्या प्लॅस्टिकवर त्याच उंचीला चिकटपट्टीचा तुकडा लावला. फिटरला आता शोधाशोध नको. उजव्या आतल्या घोट्यालाही ठिपका लावून ठेवला, त्याची लाली आता उशिरा जायला लागली आहे.

रात्री एक प्रयोग. उजव्या बुटाचं लायनर काढून नुसतं शेल पिशवीत बांधून फ्रिजमध्ये. खालचा कप्पा काढावा लागला. दह्याच्या डब्याशेजारी हिरवा बूट बघून नवऱ्याने काहीही विचारलं नाही, हे लग्नाला बरीच वर्षं झाल्याचं लक्षण.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी शेल बाहेर काढलं, लायनर घातलं आणि पाय घालायचा प्रयत्न केला. काल रात्री २१ अंशाच्या खोलीत दोन्ही हातांनी सहज फाकणारे काठ आज हलेनात. फ्रिजमध्ये सहा अंश होते, म्हणजे अजून गोठणबिंदूही आलेला नाही. पाय गेला, पण पावलाच्या वरची कातडी सोलल्यासारखी झाली. पॉलियुरेथेन थंडीत कडक होतं. घातल्यावर गुडघा पुढे दाबून बघितला: डावा उबदार बूट वाकतो, उजवा जवळजवळ नाही. एकाच जोडीत दोन फ्लेक्स.

यातून दोन गोष्टी ठरल्या. घरात बूट जितका मऊ वाटतो तितका वर बर्फात वाटणार नाही, तेव्हा "८५ फारच मऊ आहे, १०० घ्यायला हवा होता" असा विचार स्वयंपाकघरात करायचा नाही. आणि प्रवासात बूट गाडीच्या डिकीत न ठेवता आत पायाशी ठेवायचे, हीटरच्या झोतात. ज्यांचे बूट सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये चढत नाहीत, बकलं लागत नाहीत आणि घरात शब्दाला शब्द वाढतो, त्यांचे बूट बहुधा रात्रभर डिकीत असतात.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

एक तास, इस्त्री. विशेष काही नाही.

ऑफिसातल्या सहकाऱ्याने नवऱ्याला स्वतःचे जुने बूट फुकट देऊ केले आहेत, बारा वर्षांपूर्वीचे, फारसे न वापरलेले. नवरा खूश. मी नको म्हटलं. पॉलियुरेथेन वापरा किंवा न वापरा, हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून मोडत जातं. बाहेरून बूट चकचकीत, आणि उतारावर अचानक शेलचा तुकडा पडतो. माळ्यावर ठेवलेला कमी वापराचा जुना बूट हा उलट जास्त संशयाचा.

लेकीचे मात्र भाड्यानेच, अख्ख्या हंगामासाठी. तिचा पाय दर वर्षी नंबर बदलतो.

शनिवार, ३० नोव्हेंबर

फिटरकडे. चिकटपट्टी बघून हसला, कुंकू कसलं ते विचारलं, आणि तपासून म्हणाला की जागा मिलिमीटरभरही चुकलेली नाही.

काम असं झालं. लायनर बाहेर. चिकटपट्टीच्या जागी शेल गरम हवेने तापवलं, फार नाही, प्लॅस्टिक चमकायला लागायच्या आत थांबून. मग आतून गोल मुठीसारखा लोखंडी ठोकळा आणि बाहेरून कडं असलेल्या पकडीत ते धरून स्क्रू फिरवत बाहेर दाबलं. हवं त्याहून थोडं जास्त, कारण सुटल्यावर प्लॅस्टिक थोडं मागे येतं. पकड तशीच ठेवून गार होऊ दिलं. घाईने काढलं तर उंचवटा बसून जातो. दरम्यान त्याने माझ्या इनसोलकडे मोर्चा वळवला.

बुटासोबत येणारा इनसोल म्हणजे पुठ्ठ्याच्या वरच्या पायरीचा. कमान खाली बसते तेव्हा पाऊल लांब आणि रुंद होतं, आणि चवडा शेलवर जाऊन आपटतो. म्हणजे करंगळीचं अर्धं दुखणं कमानीकडून येतं. आधार देणारा इनसोल तापवून पायाखाली घडवला. उभं राहून पुन्हा मोजलं तर चवडा दोन मिलिमीटर कमी भरला. फुगवलेली जागा आणि हा इनसोल मिळून डाव्या पायाचा प्रश्न मिटला. तिथल्या तिथे अर्धा तास घालून बसले, चट्टा नाही.

उजव्या घोट्याला त्याने हात लावला नाही. आतल्या घोट्याची उंची नव्या इनसोलने बदलली आहे, आधी एकदा बर्फावर जाऊन या, म्हणाला. मला हे पटलं नाही, कारण तिकीट आणि पेट्रोल माझं. पण बोलणारा माणूस आयुष्यभर हेच करतोय.

गुरुवार, ५ डिसेंबर

इनसोल बदलल्यावर पाय थोडा वर आला आणि पावलावरचा दाब परत आला. बकलाचा हूक फिरवता येतो, मळसूत्र असतं. दोन फेरे उघडून लांबी वाढवली. खाच बदलण्यापेक्षा हे बारीक काम. एका खाचेत जास्त आणि पुढच्या खाचेत कमी असं होतं तेव्हा उत्तर या मळसूत्रात असतं, आणि ते फिरतं हे बऱ्याच जणांनी कधी करून पाहिलेलं नसतं.

जिना उतरून बघायची फार इच्छा झाली. तळाला रबरी आवरणं मिळतात, ती मागवली आहेत. काँक्रीटवर चालून टाचेचा आणि पुढचा ओठ झिजला की बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बूट नीट बसत नाही, आणि पडल्यावर स्की सुटणं त्या बसण्यावर अवलंबून असतं.

शनिवार, ७ डिसेंबर

बाइंडिंग. स्की अजून भाड्याच्याच, पण यंदा हंगामभराच्या घेतल्या, म्हणून दुकानात बूट घेऊन गेले. बुटाच्या टाचेवर बाहेरून तळाची लांबी कोरलेली असते, माझी २८६ मिमी. पायाच्या नंबराशी तिचा थेट संबंध नाही, तोच नंबर दुसऱ्या कंपनीत चार-पाच मिलिमीटरने वेगळा येतो. बाइंडिंगची लांबी त्यावर बसवतात. किती जोर आला की बूट सुटावा हा आकडा आयएसओ ११०८८ च्या तक्त्यातून काढतात: वजन, उंची, वय, कसे स्कीइंग करता, आणि तळाची लांबी. तळ लांब असेल तर तरफ मोठी, म्हणून तितक्याच वजनाच्या माणसाला आकडा थोडा कमी. वय पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर आकडा एक पायरीने कमी धरतात. वजन खरं सांगायचं. दोन किलो लपवण्याची जागा ही नव्हे.

माझ्या बुटाचा तळ ग्रिपवॉक प्रकारचा आहे, चालायला सोपा, पुढून थोडा वळलेला. तो चालणाऱ्या बाइंडिंगवर तसं नाव छापलेलं असतं. पहिल्यांदा काढून दिलेल्या जोडीवर ते नव्हतं. दाखवल्यावर बदलून मिळाली.

शनिवार, १४ डिसेंबर

ऑस्ट्रियातली श्टुबाई हिमनदी. म्युनिकहून पहाटे निघून इन्सब्रुकवरून. बूट गाडीत माझ्या पायाशी, बकलं हलकी लावलेली, म्हणजे शेलचा आकार बिघडत नाही. पार्किंगमध्ये दोन मिनिटांत चढले. लेक म्हणाली, "आई, आज कुणी ओरडलं नाही."

वर आइसग्राटच्या स्टेशनला, २९०० मीटरवर, शेल कडक झालेलं जाणवलं. फ्रिजची आठवण झालीच. पहिली एक-दोन उतरणं बकलं सैल ठेवून, मग लायनर गरम झाल्यावर एक-एक खाच आवळत. सकाळी खालीच सगळं करकचून आवळलं असतं तर अकरापर्यंत बोटं गेली असती.

फरक पहिल्याच वळणाला कळला. नडगी पुढे दाबली की स्कीचं टोक त्याच क्षणी ऐकतं. भाड्याच्या बुटात मध्ये एक रिकामी जागा असायची: मी दाबायची, पाय बुटात सरकायचा, मग कधीतरी स्की वळायची, आणि मला वाटायचं माझंच तंत्र कच्चं आहे. ते कच्चं आहेच, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

डावी करंगळी: काहीही नाही. बोटं: गार, पण जिवंत. लिफ्टमध्ये बसल्यावर पावलावरचं आणि बोटांवरचं बकल सोडत होते, वर उतरायच्या आधी लावत होते.

उजवा आतला घोटा: जेवणानंतर सुरू झाला. घरात एका तासात जे फिकट लाल व्हायचं ते इथे तीनच्या सुमाराला प्रत्येक डाव्या वळणाआधी विचार करायला लावणारं झालं. बरोबर हाडाच्या टोकावर. स्वयंपाकघरात कडेच्या दिशेने जोर कधीच येत नाही, तो उतारावर स्कीच्या कडा दाबतानाच येतो. फिटर जे "आधी बर्फावर जाऊन या" म्हणाला होता त्याचं कारण हे.

शेवटच्या तासाला मी खालच्या गाम्सगार्टन स्टेशनला बसून बापलेकीची वाट बघितली. बूट पूर्ण उघडे.

रविवार, १५ डिसेंबर

लायनर आणि इनसोल बाहेर काढून खोलीत उभे ठेवले. हीटरवर किंवा शेकोटीशी नाही. फोम आखडतो आणि शेलही वाकू शकतं. बाहेरून कोरडा दिसणारा लायनर आत बोटांपाशी चांगलाच दमट होता. आजी म्हणाल्या तसे वर्तमानपत्राचे बोळे भरले, दोन तासांनी बदलले. रात्रीपर्यंत पूर्ण कोरडे. परत घालताना लायनरची टाच शेलच्या तळाशी नीट बसली का हे आत हात घालून बघायचं. बोटभर वर राहिली तर पुढच्या सकाळी पायच जात नाही आणि बूट लहान झाल्यासारखा वाटतो.

अंगठ्यांची नखं शाबूत. एकही फोड नाही. उजव्या घोट्यावर निळसर डाग.

शुक्रवार, २० डिसेंबर

फिटर, पुन्हा. इनसोलने घोटा वर आला आहे, पण लायनरमधला खळगा आहे तिथेच. त्याने शेल फुगवलं नाही. लायनरच्या बाहेरून, कुंकवाच्या डागाच्या दोन-तीन मिलिमीटर वर, फोमची मधे भोक असलेली गोल चकती चिकटवली. हाड भोकात बसतं, दाब भोवतीच्या कडेवर जातो. टाचही त्यामुळे थोडी जास्त धरली जाते. डाव्या पायालाही लावू का, विचारलं. डावा दुखत नाही, तिथे काही करायचं नाही.

लायनर पुढेही दबत जाणार. पहिल्या आठ-दहा दिवसांच्या स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त, असं तो म्हणाला. तेव्हा वरची दोन बकलं आत्ताच मधल्या खाचेत आहेत याची नोंद करून ठेवते. ती शेवटच्या खाचेपर्यंत गेली तर लायनरखाली पातळ गादी घालायची की लायनरच बदलायचा, हे फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निवलच्या, सुट्टीनंतर ठरवू.

रबरी आवरणं आज आली. एक नंबर मोठी निघाली, परत पाठवते आहे.